चित्रात नसलेली वाट

आमच्या अंगणाची भिंत ज्याने बांधली, त्या मिस्त्रीने पहिल्याच भेटीत मला विचारलं, "सर, तुम्ही पडता का?"

मी म्हणालो, "पडता म्हणजे?"

"म्हणजे चालताना. उतारावर पाय सरकतो, गुडघा धरतो, असं काय हाय का?"

"नाही," मी जरा ताठ होऊन म्हणालो.

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. चपला पाहिल्या, पोट पाहिलं, चष्मा पाहिला, आणि बरोबर आणलेल्या माणसाला म्हणाला, "पडतात. लिही."

त्या माणसाकडे कागदही नव्हता आणि पेनही नव्हतं. त्याने नुसती मान हलवली. म्हणजे लिहिलं.

मी जव्हारला अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला. सगळी नोकरी भाड्याच्या दोन खोल्यांत काढली, त्यामुळे 'अंगण' हा शब्द माझ्या डोक्यात फार मोठा होऊन बसला होता. निवृत्त झाल्यावर मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून घर बांधलं. घर वर रस्त्यालगत, आणि पुढची जमीन उतरत उतरत खाली गेलेली. उताराच्या पायथ्याशी जानीबाईचं भाताचं खाचर, आणि त्याच्या पलीकडे तिचा पाडा. भूगोलाच्या माणसाने एवढा उतार पाहिल्यावर दुसरं काही सुचायला हवं होतं. मला लॉन सुचलं.

अंगणाच्या कामाला तज्ज्ञ माणसं लावायची असं मी ठरवलं. नाशिकहून दोन तरुण आले. त्यांनी टेपने जमीन मोजली, फोटो काढले आणि आठवड्याने एक रंगीत चित्र पाठवलं. चित्रात गुळगुळीत पांढरी भिंत होती, भिंतीवर दिवे होते, हिरवंगार सपाट लॉन होतं, आणि लॉनवर वेताच्या खुर्चीत काळा चष्मा लावून एक बाई बसली होती. तिच्या पायाशी पांढरं कुत्रं. मी ते चित्र मोठं करून लॅमिनेट करून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत टांगलं. त्यासाठी भिंतीवरचा जगाचा नकाशा काढला.

"ही कोण?" बायकोने विचारलं.

"नुसतं दाखवायला असतं ते."

"मग मला का नाही दाखवलं?"

मी चित्राची चौकट जरा सरळ केली. याचं उत्तर नाशिकच्या मुलांकडेही नसावं.

दगडाचं काम इकडच्याच कुणाकडून करून घ्या, असं त्या मुलांनी सांगितलं, म्हणून हा मिस्त्री आला. खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यातला, साठीच्या आसपासचा, काटक, वजनाला माझ्या निम्मा. तरुणपणी ठाण्याला गेला, पंधरा-वीस वर्षं बड्या लोकांच्या बंगल्यांची अंगणं बांधली आणि एक दिवस परत आला. येताना थोडं हिंदी आणलं, इस्त्रीचे पांढरे शर्ट आणले, आणि मालक या प्राण्याबद्दल एक पक्कं मत आणलं. तो शर्ट घालूनच प्रवासी जीपमधून उतरायचा. पिशवीतून स्वतःचं हँगर काढायचा, शर्ट आमच्या आंब्याच्या फांदीला टांगायचा आणि बनियनवर कामाला लागायचा. संध्याकाळी हातपाय धुऊन पुन्हा शर्ट. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटायचं की काम मी केलं आणि हे साहेब तपासायला आले होते.

मालकांना तो नावाने ओळखत नसे. त्यांच्या खोडीने ओळखायचा. वाड्याचा एक मालक म्हणजे 'घाई'. इगतपुरीचा एक 'माझा साडू इंजिनिअर'. ठाण्याची एक बाई 'अजून थोडं डावीकडे'. हे सगळं तो इतक्या सहज बोलायचा की ऐकणाऱ्याला ती खरी नावं वाटावीत. माझं नाव काय पडलं होतं ते मला पुष्कळ दिवसांनी जीपवाल्याकडून कळलं. मी 'चित्र' होतो.

चहा तो घ्यायचा नाही. भिंतीचा कोपरा बसेपर्यंत मालकाचा चहा घ्यायचा नाही, हा त्याचा नियम. "चहा घेतला की मग ऐकावं लागतं," म्हणायचा. "कोपरा माझ्या मनासारखा बसला की मग काय पण पाजा."

चपला काढून तो सगळ्या उतारावर अनवाणी फिरला. दोन तास. मध्येच बसायचा, मध्येच एका जागी उभा राहून टाच दाबून बघायचा. मी मागे मागे हिंडत त्याला उताराचं प्रमाण कसं काढतात ते समजावत होतो. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. शेवटी माझ्या बायकोला हाक मारली, "वहिनी, बादली घ्या. भरून."

पाण्याने भरलेली बादली घेऊन तिला त्याने तीनदा उतार चढायला लावला. प्रत्येक पाऊल पडलं तिथे खडा ठेवला. मी घरातून पुस्तक आणलं. पायरीची उंची आणि रुंदी यांचं गणित त्यात होतं. मी ते वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, ह्या पुस्तकातला माणूस रिकाम्या हाताने चढतोय," तो म्हणाला. "तुमच्या घरात रिकाम्या हाताने कोण चढणार? तुम्ही. तुमच्या एकट्यासाठी पायऱ्या बांधू काय?"

माझी बायको बादली खाली ठेवून हसायला लागली. छत्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं मनापासून हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, आणि पाहिलं त्या बहुतेक वेळी कारण मीच होतो. त्या क्षणापासून ती त्याच्या बाजूला गेली ती गेलीच.

खरी गाठ पडली ती खालच्या भिंतीवर. उतारावर सपाट लॉन करायचं म्हणजे खालच्या अंगाला उंच भिंत घालायची आणि मागे माती भरायची. चित्रात ती भिंत पांढरी, प्लॅस्टर केलेली, आरशासारखी होती. मिस्त्रीने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पानी कुठून जाणार?"

"गटार काढतोय ना बाजूने."

"वरचं गेलं गटारात. मातीत मुरलेलं? ते भिंतीच्या पाठीला येऊन बसणार. दगडाची सुकी भिंत घाला. सिमेंट नको. मागं रेलून बसवतो. फटी राहतील, फटीतून पानी जाईल."

"फटी चांगल्या दिसत नाहीत. आणि पाण्याचे ओघळ उठतात, डाग पडतात."

"मग निदान भोकं ठेवा."

"चित्रात भोकं नाहीत," मी म्हणालो. हे वाक्य मी खरंच बोललो. बायको साक्षीदार आहे आणि ती अजून कुणालाही सांगते.

मिस्त्रीने हँगरवरचा शर्ट काढला. एकेक बटण सावकाश लावलं. "सर, तुम्ही भिंत नाय, धरण बांधताय. असं करा, ह्या चित्रात पाऊस दाखवा. मग मी बांधतो."

आणि तो गेला. कोपरा बसायच्या आधीच गेला, त्यामुळे चहासुद्धा न घेता.

मला राग आला. पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी नाशिकच्या मुलांना फोन करून चित्रात पाऊस घालायला सांगितला. त्यांनी घातला. दुसऱ्या दिवशी चित्र आलं. त्यात तिरप्या पांढऱ्या रेघांचा छान पाऊस पडत होता, आणि ती बाई काळा चष्मा लावून तशीच खुर्चीत बसली होती. कुत्रंही कोरडं होतं. मी ते बायकोला दाखवून म्हणालो, "बघ. काही होत नाही."

भिंत नाशिकच्या मुलांच्या माणसांनी बांधली. तीन आठवड्यांत सगळं झालं. मागे ट्रकने लाल माती आली, तिच्यावर गालिच्यासारख्या गुंडाळ्या उलगडून लॉन पसरलं. शाळेतले जुने सहकारी पाहायला आले, तेव्हा मी त्यांना भिंतीपाशी उभं करून पाऊण तास बोललो. विज्ञानाच्या सरांनी जांभई दिली, तरी थांबलो नाही.

आषाढात भिंतीला पोट आलं. आधी मला वाटलं चष्म्याचा नंबर बदलला. मग मधोमध एक चीर दिसली. मी चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून बाजूला तारीख घातली. रोज सकाळी जाऊन बघायचो आणि नवी खूण करायचो. निरीक्षण आणि नोंद, हे मी मुलांना शिकवलेलं. नोंद झाल्यावर पुढे काहीतरी करायचंही असतं, ते माझ्या ध्यानात आलं नाही. त्या भिंतीवर माझ्या अक्षरात नऊ तारखा झाल्या.

दहाव्या सकाळी मी दाढी करत असताना दगडांचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज झाला. अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून बनियनवर बाहेर धावलो. भिंत नव्हती. लॉनचा घराकडचा भाग अजून होता, मी त्यावर पाय ठेवला आणि तो गालिचा मला घेऊन निघाला. जमिनीची धूप म्हणजे काय हे अठ्ठावीस वर्षं मी फळ्यावर काढून दाखवलं होतं. त्या दिवशी तिच्यावर बसून खाली गेलो.

थांबलो तो जानीबाईच्या खाचरात. ती बांधावर उभी होती. पाच मिनिटांपूर्वी ती त्याच खाचरात वाकलेली होती. तांब्यात पाणी भरायला म्हणून झऱ्यावर गेली म्हणून वाचली. हे ती नंतर बोलली. तेव्हा पहिलं वाक्य बोलली ते असं, "सर, लागलं का?"

"नाही," मी म्हणालो.

मग तिने खाचराकडे पाहिलं. अर्ध्याहून जास्त खाचर दगड, प्लॅस्टरचे तुकडे आणि माझी विकतची लाल माती यांच्याखाली गेलं होतं. लावलेलं रोप कुठे कुठे शेंड्यापुरतं दिसत होतं.

"लावणी झाली व्हती ना, सर," ती म्हणाली. "परवाच झाली व्हती."

मी भरपाईचं काहीतरी बोललो. तिचा आवाज चढला नाही. "ते द्याल तुम्ही. पन रोप आता कुठं मिळल? सगळ्यांची लावणी आटपली. मुलगा भिवंडीहून सुट्टी काढून आला, लावून गेला. आता कोन लावनार?" एवढं बोलून ती खाली बसली आणि हाताने एक दगड बाजूला सारू लागली. मोठा होता, हलेना. मी मदतीला वाकलो. दोघांनी मिळूनही तो हलला नाही. पाऊस पडत होता, आणि माझ्या एका गालावर साबण होता.

नाशिकला फोन लावला. "सर साइटवर आहेत," एवढंच उत्तर तीनदा मिळालं. तोंड धुऊन मी जीप धरली आणि खोडाळ्याला गेलो. बाजाराचा दिवस होता. मिस्त्री सुक्या बोंबलांच्या ढिगाशी पांढऱ्या शर्टात बसला होता आणि एकेक बोंबील वास घेऊन निवडत होता.

मी जाताना जीपमध्ये मनाशी बरंच काही जुळवलं होतं. पावसाचं प्रमाण यंदा अनपेक्षित होतं, वगैरे. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि तोंडातून एवढंच आलं, "मिस्त्री, चुकलो."

त्याने वर पाहिलं. "पडली?"

"पडली."

"खाली कुणाचं शेत?"

"जानीबाईचं."

"मानूस?"

"वाचली."

"लावणी?"

"झाली होती."

त्याने बोंबील परत ढिगावर ठेवले आणि उठला. मला वाटलं होतं तो भिंतीचं विचारेल. तो सरळ माणसं गोळा करायला निघाला.

दुपारी तो चार माणसं घेऊन आला, त्यात दोन बायका होत्या. शर्ट फांदीला टांगला आणि मला म्हणाला, "आधी शेत मोकळं करायचं. तुमची भिंत दिवाळीनंतर."

"तोवर अंगण उघडंच?"

"उघडंच. आणि सर, पाटी उचलायची. तुम्ही पण."

सहा दिवस मी पाटी उचलली. माणसांची रांग करून चिखल आणि दगड एकमेकांच्या हातातून पुढे द्यायचे, तर माझ्यापाशी येऊन रांग तुंबायची. पहिल्या दिवशी त्याने मला दोन बायकांच्या मध्ये उभं केलं. दुसऱ्या दिवशी त्या दोघींनी तक्रार केली, तेव्हा रांगेच्या शेवटी टाकलं. तिथे निदान माझ्यामुळे कुणाचं अडत नव्हतं.

तो थोर मनाने गप्प बसला असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं मुळीच नाही. "मी सांगितलं व्हतं" हे वाक्य त्या सहा दिवसांत त्याने इतक्यांदा ऐकवलं की रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसांनाही ते ठाऊक झालं. जीप थांबली की तो वर जाऊन ड्रायव्हरला सगळी हकिगत सांगायचा. त्यात माझी नक्कल असायची. नसलेला चष्मा नाकावर सरकवून, मान तिरकी करून म्हणायचा, "चित्रात भोकं नाहीत!" आणि जीपमधली सगळी माणसं वाकून खाली माझ्याकडे बघायची. मी पाटी घेऊन उभा. शेवटी एकदा जानीबाईच त्याच्यावर ओरडली, "पुरं कर रे आता! मानूस किती लाजायचा?" त्यावर तो म्हणाला, "लाजू दे. लाजला की पाटी भराभर उचलतो." आणि हे खरं होतं.

रोपाची सोय त्यानेच काढली. दाभोशाकडे त्याच्या बहिणीचं घर, तिकडे काही जणांची लावणी मागे राहिली होती. तो मला घेऊन गेला. तीन घरी हिंडलो. प्रत्येक घरी त्याने आधी माझी ओळख करून दिली, "हे सर. ह्यांनी बाईच्या शेतात भिंत पाडली," आणि मग रोप मागितलं. कुणी नाही म्हटलं नाही. कुणी उरलेलं दिलं, कुणी आपल्या राबातलं, रोपं वाढवायच्या वाफ्यातलं, बाजूला ठेवलेलं दिलं. परत येताना जीपमध्ये रोपांच्या ओल्या जुड्या माझ्या मांडीवर होत्या. त्यांचं पाणी पँटमधून झिरपून चपलेत उतरत होतं. तो शेजारी पांढऱ्या शर्टात कोरडा बसला होता. निम्म्या वाटेत म्हणाला, "नीट धरा. दाराला घासतंय रोप."

दुसऱ्या दिवशी लावणी झाली. मीही लावलं. माझ्या ओळी वाकड्या आल्या. जानीबाईने मागाहून उपटून पुन्हा लावल्या, मला दिसू नये म्हणून मी घरात गेल्यावर. बायकोने खिडकीतून पाहिलं आणि मला सांगितलं.

भात उशिरा आलं, आणि नेहमीपेक्षा कमी आलं. पण आलं.

दिवाळी झाल्यावर तो कबूल केल्याप्रमाणे उगवला. म्हणजे दिवाळीनंतर महिनाभराने. मी आता काही बोलत नव्हतो. पडलेल्या भिंतीतले दगड एका बाजूला रचले होते. तो एकेक दगड छोट्या हातोडीने ठोकून कान लावायचा. खणखणीत आवाज आला तर "बोलतो" म्हणून उजवीकडे. बद्द आवाज आला तर "बहिरा", तो डावीकडे. आत चीर असली की दगड बद्द वाजतो, हे मला तेव्हा कळलं. चारपाच दिवसांनी मीही ठोकून बघायला लागलो. माझा एक 'बोलका' त्याने उचलला, ठोकला आणि डावीकडे टाकला.

काम तीन आठवड्यांचं म्हणाला होता, तीन महिने चाललं. एकदा सकाळी येऊन पाहतो तर आदल्या चार दिवसांचं काम त्याने स्वतःच उतरवून ठेवलेलं.

"काय झालं?"

"एक दगड बसला नाय."

"बसलाय की! मी काल पाहिला."

"बसला नाय, बसवलाय," तो म्हणाला. "मी जबरदस्तीने बसवला. उठायची वाट बघतोय तो."

सगळं पुन्हा रचलं. कोपरा बसला त्या दिवशी बायकोने न विचारता चहा केला आणि तो न बोलता प्यायला. चार कप.

भिंत कमरेच्या वर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की डाव्या बाजूला काही लांब दगड भिंतीतून हातभर बाहेर आलेत. एकावर एक, तिरपे, जिन्यासारखे. बाहेरच्या अंगाला, म्हणजे शेताच्या बाजूला. वर भिंतीला एक माणूस जाईल एवढी खाच, आणि तिथून माझ्या कुंपणाच्या कडेने रस्त्यापर्यंत सपाट फरशा.

"हे काय?"

"वाट."

"कुणाची?"

"जानीबाईची. पाड्याची. रस्त्याला जायची."

"ही वाट काढायला कुणी सांगितलं?"

त्याने हातातली पहार खाली ठेवली. त्या सगळ्या काळात तेवढं एकदाच तो माझ्याशी चेष्टा न करता बोलला. "काढली नाय सर. वाट व्हतीच. पहिल्या दिवशी मी अनवाणी फिरलो ना, पायाला लागली. कडक जमीन, चालून चालून झालेली. तुमच्या चित्रात नव्हती."

मी उतरत्या जमिनीकडे पाहिलं. मग आठवलं. जमीन घेतली तेव्हा डोक्यावर भारे घेतलेल्या बायका तिथून वर येताना मी पाहिल्या होत्या. कुंपण घातल्यावर त्या दिसेनाशा झाल्या, आणि मला वाटलं होतं, हल्ली लोक इकडून येत नाहीत. दोन वर्षं तो सगळा पाडा माझ्या कुंपणाला वळसा घालून ओढ्यातून रस्त्याला जात होता. जानीबाईसुद्धा. तिने एकदाही काही म्हटलं नव्हतं. मी नकाशे शिकवणारा माणूस. मुलाने नकाशात पायवाट दाखवली नाही तर अर्धा गुण कापायचो.

"त्यांनी मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"तुम्ही विचारायचं तरी," तो म्हणाला आणि पहार उचलली.

खाच राहिली. पुढच्या आठवड्यात जानीबाई डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन त्या दगडांवरून चढून आली. वर येऊन थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि आपण परवानगी घेतली नाही असं वाटून की काय, जरा संकोचली. मी इतका गडबडलो की तिला म्हणालो, "या, बसा," जसं काही ती माझ्या घरी पाहुणी आली होती. "बसायला येळ नाय सर," ती म्हणाली, "जीप जाईल," आणि फरशांवरून तरातरा निघून गेली.

काम संपलं. लॉन काही पुन्हा झालं नाही. माती जेवढी उरली तेवढ्यात बायकोने वाल आणि काकड्या लावल्या. ती भिंत त्यानंतर तीन पावसाळे उभी आहे. तिच्या फटीफटीतून पाणी येतं, ओघळ उठतात, डाग पडतात.

शेवटच्या दिवशी मिस्त्री शर्ट घालून, हँगर पिशवीत ठेवून माझ्यासमोर उभा राहिला. जरा अवघडलेला दिसला. असा मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"सर, एक दाखला द्या."

"कसला दाखला?"

"कामाचा. तुम्ही शाळेचे. तुमच्या हातचं लिहिलेलं लोक मानतात. आता जो तो विचारतो, मिस्त्री, तुमच्याकडं काय हाय? कार्ड हाय का, फोटो हाय का? माझ्याकडं काय नाय."

मला फार बरं वाटलं. माझ्याकडून या माणसाला हवं असेल असं काहीतरी निघालं. चांगला कागद काढला, शाईचं पेन काढलं, आणि वळणदार अक्षरात लिहिलं की सदर गृहस्थ दगडी बांधकामात निष्णात आहेत, काम टिकाऊ करतात, वर्तणूक चांगली आहे, मेहनती आहेत आणि सांगितलेले ऐकतात. शाळेत हजारो दाखले लिहिले. हात आपोआप चालतो.

तो म्हणाला, "वाचा."

मी वाचलं. तो डोळे मिटून, दगडाला कान लावावा तसा ऐकत होता. शेवटच्या ओळीला त्याने डोळे उघडले आणि कागदावर बोट ठेवलं.

"हे काढा. खोटं हाय."

"अहो, असं लिहायची पद्धत असते."

"असंल. पन उद्या कुणी हे वाचून मला कामाला ठेवलं तर तो फसंल ना."

मी 'ऐकतात' खोडलं आणि वर 'ऐकत नाहीत' लिहिलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं. मग मान हलवली. खाडाखोड झाली म्हणून मी शेजारी सही केली, नियमाप्रमाणे, आणि खाली पूर्ण सही. त्याने कागदाची चौकोनी घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि जीपला हात केला.

त्यानंतर तो मला भेटलेला नाही. सध्या इगतपुरीकडे कामं करतो म्हणे. त्याच्या खबरा जीपवाला आणतो. कुठे नवीन बंगला असला की हा जातो, जमिनीकडे बघतसुद्धा नाही. आधी तो कागद काढून मालकाच्या हातात देतो आणि मोठ्याने वाचायला सांगतो. काही मालक शेवटच्या ओळीपाशी अडखळतात, कागद परत देतात, आणि कळवतो म्हणतात. त्यांना तो नमस्कार करून निघतो. पण एखादा वाचून हसतो आणि विचारतो, "अहो, हे असं कुणी लिहून दिलं?"

मग मिस्त्री चपला काढतो.